दुसऱ्या मजल्यावरची घरघंटी

"रस्त्यावर सायकल काय, कोणीही चालवतो! दूधवाला चालवतो, पाववाला चालवतो, तो मंगेशसुद्धा चालवतो!"

हे बोलताना जयवंतराव दिवाणखान्याच्या मधोमध उभे होते आणि अंगात सायकलवाल्यांची ती काळी, चकचकीत, नको तिथे घट्ट चड्डी होती. प्रमिलाबाई गवार मोडत होत्या. त्यांनी एकदा चड्डीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि परत गवारीकडे वळल्या. तिघांत गवारच त्यातल्या त्यात बघण्यासारखी होती.

मंगेश म्हणजे सिल्वासाच्या सरकारी कचेरीत जयवंतरावांच्या शेजारच्या टेबलावर बसणारा गृहस्थ. सायकलवर बसला की त्याचं पोट त्याच्याआधी हँडलवर बसायचं. आणि ह्या माणसाने गेल्या जानेवारीत, कचेरीच्या खानवेल ते दुधनी सायकल शर्यतीत, घाटातल्या चढावर जयवंतरावांना मागे टाकलं होतं! तेही एका हाताने पेरू खात! वर जाता जाता म्हणाला होता, "साहेब, घेता का फोड? गोड आहे."

तेव्हापासून डब्याच्या सुट्टीत कोणी पेरू काढला तरी जयवंतरावांच्या कानशिलाची शीर उडायची. शेवटी भर कचेरीत त्यांनी जाहीर केलं, "यंदा मंगेशला मागे टाकलं नाही, तर जयवंत नाव लावणार नाही!" कारकून मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मंगेशनेही वाजवल्या, ते जास्त झोंबलं.

आता सराव करायचा म्हणजे रस्त्यावर जायचं. पण रस्त्यावर शेजारच्या सायली गावातल्या कारखान्यांचे ट्रक, धूळ, आणि ओळखीची माणसं. जयवंतरावांनी सरळ घरी रोलर मागवला. रोलर म्हणजे एक लोखंडी चौकट आणि तिच्यात आडवी बसवलेली तीन नळकांडी. त्यांच्यावर सायकल नुसती उभी करायची, बांधायची कशालाच नाही, आणि पॅडल मारायचं. चाकं फिरतात, नळकांडी फिरतात, माणूस असतो तिथेच. पॅडल थांबलं की तोल गेलाच!

"म्हणजे घाम गाळायचा आणि कुठेच पोचायचं नाही?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"तुला शास्त्र कळायचं नाही!"

"कचेरीत वीस वर्षं तेच करताय की. त्याला यंत्र कशाला आणलंत?"

शास्त्राने पहिल्याच दिवशी जयवंतरावांना फ्रिजवर नेऊन आदळलं. दुसऱ्या दिवशी शोकेसवर. मग त्यांनी रोलर स्वयंपाकघराच्या दारात मांडला, म्हणजे दोन्ही हातांनी दाराची चौकट धरता येते. तोल गेला की धरायचं! युक्ती नामी होती. फक्त त्या दारातून प्रमिलाबाईंना जा-ये करावी लागे. आठवडाभर त्या घरात वरणाचं पातेलं जयवंतरावांच्या काखेखालून बाहेर आलं.

"अहो, जरा कोपर वर करा, भात येतोय!"

"माझी लय बिघडते!"

"भाताची शितं बिघडतील त्याआधी. करा वर!"

आणि आवाज? घर्रर्र, घर्रर्र, घर्रर्र! सकाळ-संध्याकाळ. खालच्या मजल्यावर केसरबाई राहायच्या. मूळच्या नंदुरबारकडच्या, मुलगा सायलीला कारखान्यात. त्यांनी तीन दिवस छताकडे कान लावला आणि निदान केलं: वरच्या कोकणवाल्यांनी घरघंटी आणली! घरात दळायची चक्की! आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना पत्ता नाही! त्यांनी प्रमिलाबाईंना जिन्यातच गाठलं.

"काय व ताई, नवं मशीन आणलं म्हणे?"

"आणलंय हो," प्रमिलाबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "नुसतं घरघरतं. अर्धं घर अडवलंय मेल्याने."

"अन् बरं चालतं का?"

"चालतंय कसलं! थोडं चाललं की धापा टाकतं. जुना माल."

"जुना माल मजबूत ऱ्हातो, ताई!" केसरबाई म्हणाल्या आणि ही बातमी सगळ्या इमारतीत पोचवून आल्या.

शर्यत रविवारी. शनिवारी सकाळी सबंध कॉलनीची लाइट गेली. दुरुस्तीचं काम, संध्याकाळपर्यंत येणार नाही. नाक्यावरची चक्की बंद. आणि नेमके केसरबाईंचे जावई दुपारी जेवायला यायचे होते, डब्यात पीठ खडखडीत! केसरबाई डोक्याला हात लावून बसणार, इतक्यात वरून आवाज आला.

घर्रर्र, घर्रर्र!

"माय वं! लाइट नही, तरी चाली राहिली!" केसरबाईंनी ज्वारी-उडदाच्या कळण्याचा डबा उचलला. मागोमाग तळमजल्यावरची चंदा गहू घेऊन निघाली. तिच्या शेजारच्या बायडाबाई बाजरी घेऊन निघाल्या. मग काय, जिन्यात रांगच लागली.

वरती त्या क्षणी इतिहास घडत होता. शेवटचा सराव म्हणून जयवंतरावांनी रोलर दारातून काढून थेट दिवाणखान्याच्या मधोमध मांडला होता. प्रमिलाबाईंचा खांदा धरून ते वर चढले, फिरवू लागले, आणि खांदा सोडला. जमलं! बिनआधार! डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

"जमलं ना? मग मी भाजी घेऊन येते," म्हणून प्रमिलाबाई दार लोटून गेल्या.

उतरायचं कसं, हा प्रश्न जयवंतरावांच्या डोक्यात त्या जिना उतरून गेल्यावर आला. धरायला भिंत नाही, चौकट नाही, बायको नाही. थांबले तर पडणार. ते पॅडल मारत राहिले.

दार उघडलं. बायका आत आल्या, डब्यांसकट. सगळ्यांनी त्या चड्डीकडे पाहिलं आणि मग सभ्यपणे यंत्राकडे पाहिलं.

"पायावरची शे!" केसरबाई कौतुकाने म्हणाल्या. "म्हणून लाइट लागत नही. भाऊ, दाणे कुठून टाकायचे?"

"दाणे नाही! ही... ही घरघंटी नाही!" जयवंतराव धापा टाकत ओरडले.

केसरबाईंनी खाली वाकून मागच्या चाकाखाली परात सरकवलीसुद्धा. "अन् पीठ इकून निघतं ना?"

"पीठ निघत नाही! हा व्यायाम आहे! मला धरा कोणीतरी!"

"अगं बाई! परक्या पुरुषाला कसं धरू मी?" बायडाबाई दोन पावलं मागे सरल्या.

चंदाने मोबाइल काढला होता. "अंकल, किती किलोमीटर झाले? कहाँ तक पहुँचे?"

केसरबाईंना मात्र अजून हिशोब लागत नव्हता. "आठ दिवस झाले, भाऊ, सकाळ-संध्याकाळ दळी राहिले तुम्ही. अन् पीठ मूठभर बी नही?"

"नाही!"

"मंग निघतं काय?"

"घाम!"

केसरबाईंच्या चेहऱ्यावर जो तिरस्कार उमटला, तो जयवंतरावांना बघायला नको होता. पण त्यांनी बघितला, नजर हलली, नजरेमागून हँडल हललं, पुढचं चाक नळकांड्यावरून सटकलं, आणि पन्नाशीचा तो ऐवज आडवा झाला तो थेट डब्यांवर! गहू उडाले, बाजरी उडाली, कळण्याचा डबा त्यांच्या डोक्यावर पालथा झाला.

मग जो कालवा झाला तो विचारू नका! "माझे गहू!" "माझी बाजरी!" "आमना जावाईना कळणा!" प्रमिलाबाई पिशवी घेऊन आल्या तेव्हा नवरा धान्याच्या राशीत बसला होता आणि कानातून उडीद काढत होता.

"लागलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग उठा आणि निवडायला लागा!"

दाणा दाण्यापासून वेगळा होणार नव्हता. शेवटी सगळंच एकत्र गोळा केलं, प्रमिलाबाईंनी त्यात चणाडाळ आणि धणे घातले, खमंग भाजलं आणि संध्याकाळी लाइट आल्यावर चक्कीवर भाजणी दळून आणली. जावयांना दुपारी बाहेरून पाव आणून घातला होता, तो राग रात्रीच्या थालीपिठांनी निवला. त्यांनी तर चौथं मागून घेतलं. यंत्राचा झालाच तर एवढा उपयोग झाला.

पण जयवंतराव खचणारे नव्हते. चार बाया हसल्या म्हणून काय झालं? बिनआधार राहिले होते ते! रविवारी खानवेलला शिट्टी वाजली आणि ते सुसाट सुटले. पाय पंख्यासारखे फिरत होते. सायकल रेषेत, डगमग नाही. पहिल्या वळणावर मागे पाहिलं तर मंगेश ठिपक्याएवढा! "जयवंत नाव राहिलं!" असं ते मोठ्याने म्हणालेसुद्धा.

मग चढ आला. आता घरात चढ कुठून असणार? नळकांडी आपली गुळगुळीत, फिरव म्हटलं की फिरणारी. दुधनीचा घाट तसा ऐकत नाही. पंख्याचा वेग कमी झाला, मग पंखा थांबला. जयवंतराव उतरून सायकल ढकलू लागले. मंगेश आला, पोट हँडलवर टेकवून, गुणगुणत. "या सावकाश," म्हणाला आणि वळणाआड गेला.

एवढ्यात मागून टेम्पो आला. आत इमारतीतल्या सगळ्या बाया, दुधनीला होडीत बसायला निघालेल्या, आणि मधोमध प्रमिलाबाई थालीपिठांचा डबा मांडीवर घेऊन. टेम्पो थांबला. केसरबाईंनी मान बाहेर काढली.

"काय व ताई, आज तर खाली खरा रस्ता शे. तरी बी भाऊ तिथंच!"

जयवंतरावांनी सायकल कडेला घेतली. मग त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, कचेरीतलं कोणी नाही हे बघितलं, आणि हळूच विचारलं, "सायकल आडवी टाकली तर मावेल का हो?"

मावली. जयवंतराव दोन पिशव्यांच्या मध्ये अंग चोरून बसले. टेम्पो घरघरत चढ चढला, वळण घेतलं, आणि पुढे मंगेश दिसला. टेम्पो त्याच्या बरोबरीला आला, मग पुढे निघाला. वर्षभर ज्या क्षणासाठी रक्त आटवलं तो क्षण! मंगेश मागे, जयवंतराव पुढे! आणि जयवंतरावांनी काय करावं? प्रमिलाबाईंचा पदर ओढून डोक्यावर घेतला.

कोणालाही कळलं नसतं. पण केसरबाईंचं मन मोठं. चढावर घामाघूम झालेला तो जाडा माणूस बघून त्यांना दया आली आणि टेम्पोतून वाकून त्यांनी हाक मारली, "ओ भाऊ, थकले असणार तुम्ही! या ना, बसा! आमना वरचा भाऊ बी आतच बसला शे!"