एका दमात यवतमाळ

देवरावभाऊ कोणाच्याही पाठीला हात लावण्याआधी त्याला एका दमात बसचे थांबे म्हणायला लावतात. वणी, मारेगाव, करंजी, मोहदा, जोडमोहा, यवतमाळ. जिथं दम तुटला, तिथं गाडी बंद पडली.

जन्मभर एसटीत कंडक्टर होते. आता राजूरला, दम्यानं नाहीतर कोळशाच्या धुळीनं बेजार झालेल्यांच्या पाठी चोळून देतात. दवाखान्यातून दिलेला, तोंडानं ओढायचा औषधाचा पंप दाखवल्याशिवाय मात्र कोणाला आत घेत नाहीत. तिकीट तपासावं तसा तो हातात घेऊन, उलटासुलटा करून बघतात. "चोळल्यानं बरं वाटते. दमा जात नाही," हेही आधीच सांगतात.

माझ्या आईला मी मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांच्याकडे नेते. वहीत तारीख, तेल आणि थांबा लिहिते. पहिल्या दिवशी आई मारेगावलाच थांबली.

"काहून मावशी, अजून तं अर्धा रस्ताबी नाही झाला."

तुमची एसटी तरी कुठं कधी धड मारेगावच्या पुढं जात होती, असं आईनं धापा टाकतच सुनावलं. तेव्हापासून दोघांचं जमलं.

ओव्याचं कोमट तेल, खालून वर हात, मग ओंजळ करून थापट्या. दिवाळीनंतर आई जोडमोह्याला पोचली. त्या आनंदात मी म्हटलं, भाऊ, आता तुम्ही म्हणून दाखवा. ते तेलाची वाटी पुसत बसले.

"कंडक्टरलेच गावं आठवून नाही राह्यली वाटते," आईनं डिवचलं.

मग त्यांनी सुरुवात केली. वणी म्हणाले. मारेगाव म्हणताना गळ्याच्या शिरा ताणल्या. करंजी आलीच नाही.

आईचं हसू गेलं. भाऊंनी सांगितलं, त्यांनाही दम लागायला लागून वर्ष झालं. दवाखान्यात गेलते, औषध सुरू आहे. पाठीला तेवढा स्वतःचा हात पोचत नाही.

"बायको गेली तवापासून माह्या पाठीले कोनाचा हात नाही लागला."

इतकी माणसं येतात, एखाद्याला सांगायचं, मी म्हटलं.

"ज्याले सोताचाच दम पुरत नाही, त्याले काय सांगू, ताई?"

आईनं पदर खोचला, वाटी ओढून घेतली आणि त्यांना तिकडे तोंड करून बसायला सांगितलं. ते संकोचले, पण बसले.

चार थापट्या मारल्या की ती दम घ्यायला थांबायची. तेव्हाही तिचा हात त्यांच्या पाठीवरच असायचा.