बुटक्या विरुद्ध मनोरा

पहिल्या भेटीत भोयरकाकांनी मला नाव विचारलं नाही. त्यांनी माझे हात मोजले.

मनीषनगरच्या आमच्या इमारतीत सामान चढवून मी जिन्यात दम खात उभा होतो. वरून लेंगा-बनियन घातलेले, गळ्यात शिंप्याची टेप अडकवलेले एक गृहस्थ उतरले. मला वाटलं, इथले टेलरमास्तर असावेत. ते म्हणाले, "हात पसरा जी." मी पसरले. नव्या जागेत पहिल्याच दिवशी शेजाऱ्याशी वाद नको, एवढाच विचार केला. त्यांनी एका हाताच्या मधल्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटापर्यंत टेप धरली, माझ्या उंचीकडे नजर टाकली आणि हळहळले.

"उंची आहे, पण पोच नाही. लांबून मारता नाही येणार तुम्हाले. आत घुसा लागंल."

मी विमा कंपनीत कारकून. मला कुणालाच मारायचं नव्हतं, लांबूनही नाही आणि आत घुसूनही नाही. पण काकांच्या चेहऱ्यावर एवढी कळकळ होती की मी "बघतो" म्हणालो.

इमारतीत येणाऱ्या प्रत्येकाची पोच काकांना पाठ होती. दूधवाल्याची, सोसायटीच्या सचिवांची, गॅसची टाकी घेऊन येणाऱ्याची. पुतणीला पाहायला आलेल्या मुलालाही त्यांनी पोहे खाऊन झाल्यावर उभं केलं होतं. त्याची पोच उंचीपेक्षा चार बोटं जास्त निघाली, तसे काका आत गेले आणि पुतणीला म्हणाले, "पोरी, हो म्हण." तिनं हो म्हटलं. तिचा संसार छान चालला आहे आणि त्याचं सगळं श्रेय काका जावयाच्या हातांनाच देतात.

भोयरकाका पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते. आयुष्यभर धरणांचे नकाशे ट्रेस केले आणि मान वर केली की हेवीवेट बॉक्सिंगबद्दल बोलले. स्वतः ते रिंगमध्ये एकदाच उतरले होते, कॉलेजात असताना. ती लढत मिनिटभरही चालली नाही. "मी पडलो नाही गा," ते आजही सांगतात. "मले बसावं वाटलं." काटोलकडे त्यांची थोडी शेती आहे, ती भाऊ पाहतो. तिथला एक बैल डावखुरा आहे असं काकांचं ठाम मत आहे.

काका एकाच काळातल्या बॉक्सरांबद्दल फारसं बोलतच नसत. ती लढत झाली, निकाल लागला, त्यात बोलायचं काय? त्यांना रस होता जे कधीच समोरासमोर आले नाहीत त्यांच्यात. काळ्या-पांढऱ्या फिल्मवरचा एखादा आजोबा आणि आजच्या टीव्हीवरचा एखादा नातू एकाच रिंगमध्ये उभे केले तर काय होईल? परदेशी नावं त्यांच्या जिभेवर बसत नसत, म्हणून त्यांनी सगळ्यांना आपली नावं ठेवली होती. त्यांचा देव म्हणजे 'बुटक्या'. हेवीवेटच्या मानानं ठेंगणा, जुन्या जमान्यातला, वाकून वाकून आत शिरणारा आणि बरगड्यांवर हातोडे घालणारा. लहानपणी कामठीला कुणीतरी चादरीवर दाखवलेल्या एका रिळात काकांनी त्याला पाहिलं आणि ते त्याचेच झाले.

आणि बुटक्याचा वैरी म्हणजे 'मनोरा'. हा अलीकडचा. उंच, लांब हातांचा, समोरच्याला जवळच येऊ न देणारा. मनोऱ्याची बाजू घाटे सरांकडे होती.

घाटे सर धरमपेठेत राहत. कॉलेजात भूमिती शिकवून निवृत्त झालेले. बारीक, ताठ, घरातही इस्त्रीचा शर्ट. काका आणि सर यांची ओळख कशी झाली हे दोघांनाही आठवत नव्हतं, भांडण मात्र पहिल्या दिवसापासून आठवत होतं. दर रविवारी सकाळी काका तिकडे जात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना गाडी चालवायला मनाई झाली आणि त्यांच्या पत्नी सुमनकाकू माझ्याकडे आल्या. "तुम्ही नेऊन द्या ना यायले भाऊ. रविवारी घरी राहिले तं माह्याशीच बुटक्याच्या गोष्टी करतात." म्हणून मी माझ्या स्कूटरवरून त्यांना नेऊ लागलो, आणि पोहोचवून परत यायचं म्हणता म्हणता मीही तिथंच बसू लागलो.

बुटक्या विरुद्ध मनोरा ही लढत तेव्हा आठ वर्षं चालू होती आणि सहावी फेरी लागली होती.

हे नीट सांगायला हवं. दोघांचा नियम असा होता की जे घडलं ते दोघांनीही मान्य केलं तरच घडलं. एक ठोसा ठरायला कधी कधी तीन रविवार लागत. पहिला ठोसा पडायच्या आधीच दीड वर्ष गेलं होतं. लढत पंधरा फेऱ्यांची की बारा? जुन्या काळी पंधरा असत, म्हणून काका पंधरावर अडले. सरांनी पंधरा दिल्या आणि त्या बदल्यात आजचे जाड ग्लोव्हज मागून घेतले. मग काका म्हणाले, बुटक्याच्या काळी लोक बोटीनं प्रवास करत, तो समुद्र लागून थकलेला असणार, त्याला महिनाभर विश्रांती द्या. सरांनी आठ दिवस दिले.

"आन मनोऱ्याले आजचा डॉक्टर, आजचा खुराक. मंग माह्या बुटक्यालेही द्या ना जी."

"दिला असता, भोयर. पण तो खुराक खाऊन तो वाढला, तर तो बुटक्या उरणार नाही. तुम्ही तिसऱ्याच माणसाला रिंगमध्ये उतरवताय."

यावर काका दोन आठवडे वाद घालत राहिले. मग मान्य केलं.

सरांचा सगळा भर अंतरावर. "मनोऱ्याचा हात वीतभर लांब आहे. बुटक्याचा ठोसा सुटायच्या आधी याचा पोचलेला असतो. ही साधी भूमिती आहे."

"भूमितीले बरगड्या असतात काय जी? खाली एक बसला का तुमची भूमिती गुडघ्यावर येते."

मग दोघं उठून उभे राहत. सर मनोरा होत, काका बुटक्या. सत्तरी ओलांडलेले दोन म्हातारे दिवाणखान्यात एकमेकांभोवती फिरत, आणि शालिनीकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, तर्रीचं भांडं डोक्याच्या उंचीवर धरून त्यांच्यामधून वाट काढत.

मला मात्र काकांचं वेगळंच काही आवडायचं. ते आपल्या माणसासाठी कधी खोटं बोलले नाहीत. एकदा सोमवारीच, मी ऑफिसला निघालो असताना, ते माझ्या दारात उभे. "धरमपेठेत सोड गा मले." सरांच्या दारात उभ्या उभ्या म्हणाले, "सर, काल मी चुकलो. पुतण्यानं मोबाइलवर जुनं रीळ दाखवलं. बुटक्या हूक मारल्यावर डावा हात खाली ठेवतो. सातव्या फेरीतला मनोऱ्याचा तो ठोसा लागला म्हणा. लिहून घ्या." सर म्हणाले, "हे मला उद्या फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं." काका म्हणाले, "आजची रात्रभर बुटक्या मार न खाता फिरून राहिला असता ना जी." मला ऑफिसात उशिराचा शेरा मिळाला. त्याचं मला काही वाटलं नाही.

दहावी फेरी सुरू झाली आणि त्याच आठवड्यात सर आंघोळीला जाताना पडले. पक्षाघात. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा ते सगळ्यांना ओळखत होते, पण तोंडातून शब्द येत नव्हता. डॉक्टर म्हणाले, बोलणं येईल कदाचित, किती आणि केव्हा ते सांगता येत नाही. व्यायाम घ्यायला एक बाई रोज येत. त्या "सर, आ म्हणा" म्हणत आणि सर भिंतीकडे तोंड फिरवत. पुढे पुढे ते जेवणालाही तोंड फिरवू लागले.

काका दर रविवारी येतच राहिले. पण खुर्चीवर टोकाशी बसायचे आणि ऊन फार आहे म्हणायचे. प्रतापनगरचा रस्ता खोदला आहे म्हणायचे. दोन महिने आम्ही उन्हाबद्दल आणि रस्त्याबद्दल बोललो. मनीषनगरात नवे भाडेकरू आले, त्यांचे हात कुणी मोजले नाहीत. सुमनकाकू मला जिन्यात म्हणाल्या, "घरात आवाजच नाही हो यांचा. मीच कधी कधी बुटक्याचा विषय काढतो, तं हूं म्हणतात."

मग एका रविवारी काका स्कूटरवर बसायच्या आधीच म्हणाले, "आज फेरी घेतो."

सर पाठीशी उशा लावून बसले होते. काकांनी खुर्ची जवळ ओढली. "सर, दहावी अर्धी राहिली आहे. तुम्ही फक्त ऐका. तुमच्या तर्फेनंही मीच बोलतो."

आणि ते बोलू लागले. बुटक्याच्या बाजूनं बोलताना आपल्या बोलीत, आणि मनोऱ्याची पाळी आली की एकदम सरांच्या भाषेत. "भोयर, तुम्ही एक गोष्ट विसरताय. मनोरा मागे सरकतो तेव्हा तो पळत नाही, तो कोन बदलतो." शब्द सरांचे, थांबण्याच्या जागा सरांच्या, 'कोन' म्हणताना हवेत फिरणारं बोटसुद्धा सरांचं. इतकी वर्षं भांडत असताना हा माणूस समोरच्याचं किती ऐकत होता, ते मला त्या दिवशी कळलं. सरांसाठी काकांनी काढलेले मुद्दे सरांनी काढले असते त्यापेक्षाही धारदार होते. सर त्यांच्या तोंडाकडे बघत होते. भिंतीकडे नाही.

"मंग बुटक्या आत घुसला. हूक मारला. डावा हात खाली राहिला." काकांनी खुर्ची आणखी पुढे सरकवली. "आन मनोऱ्याचा उजवा बसला, सर. सरळ हनुवटीवर. बुटक्या पडला."

मी चमकून पाहिलं. बुटक्या अकरा वर्षांत कधी पडला नव्हता, आणि मी आल्यानंतरच्या तीन वर्षांत तर गुडघाही टेकला नव्हता.

"पंच मोजून राहिला. दहा झाले का लढत खतम," काका म्हणाले. ते मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत होते. "एक. दोन. तीन." प्रत्येक आकड्याला खुर्चीच्या हातावर बोट आपटत होते. "चार. पाच. हलून नाही राहिला, सर. सहा."

सरांचा डावा हात चादरीवर सरकला. पलंगाच्या कठड्याला लागून खणकन आवाज झाला.

"सात," काका म्हणाले. त्यांनी वर पाहिलं नाही. "तुम्ही जिंकून राहिले, सर. आठ."

कठडा पुन्हा वाजला. या वेळी जोरात. सरांचा चेहरा लाल झाला होता, ओठ एका बाजूला ओढले गेले होते, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. मला वाटलं त्यांना काहीतरी होतंय, मी काकूंना हाक मारायला उठलो.

"उ..." सर म्हणाले.

काकांचं बोट हवेतच थांबलं.

"उठ... ला."

सर काकांकडे रागानं बघत होते. वर्गात चुकीची सिद्धता लिहिणाऱ्या मुलाकडे बघावं तसं. डावा हात उचलून त्यांनी बोट रोखलं आणि पुन्हा म्हणाले, या वेळी थोडं सलग, "उठला."

"उठला," काका म्हणाले. "उठला, सर. हो. आठवर उठला."

शालिनीकाकू कणकेचे हात तसेच घेऊन दारात आल्या होत्या. "कोण बोललं?" त्यांनी मला विचारलं. मी सरांकडे बोट केलं. सरांनी त्यांच्याकडे मान वळवली आणि त्यांनाही सांगितलं, "उठला." काकू पलंगाच्या कडेला बसल्या. बुटक्या कोण, मनोरा कोण, याच्याशी त्यांचं कधी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी सरांचा हात धरला आणि म्हणाल्या, "उठला ना? बरं झालं. बरं झालं बाई."

काका गॅलरीत जाऊन उभे राहिले. बऱ्याच वेळानं आत आले, चहा घेतला, आणि "येतो" म्हणाले.

खाली स्कूटरपाशी मी विचारलं, "काका, बुटक्या खरंच पडला असता का तिथं?"

"नाही गा. एवढ्यानं काय पडते तो." ते गाडीच्या सीटवरची धूळ हातानं पुसत राहिले. "सकाळी घरी सांगून आलो होतो, आज संपवतो म्हून. मले वाटलं, सर जाऊन राहिले. जातानी त्याईच्या हाती काहीतरी द्यावं."

"आणि त्यांनी ते घेतलं नाही."

"भूमितीवाला माणूस आहे. त्याले खपलं नाही."

ते हसले, आणि हेल्मेट डोक्यावर ठेवलं. हनुवटीखालचा पट्टा मात्र त्यांना लागेना. दोनदा प्रयत्न केला. मी पुढे होऊन लावून दिला.