सीलबंद काकांचा दिवा

"या घरातल्या दिव्यासाठी तुझ्या भावाला बोलवायची वेळ आली, तर ही मिशी उतरवीन!" असं सीलबंद काकांनी महिन्यापूर्वी ठणकावून सांगितलं होतं. काकूंचा धाकटा भाऊ इलेक्ट्रिशियन होता, आणि काकांच्या मते त्याला पाना आणि पळी यांतला फरक कळत नव्हता!

काकांची उभी हयात पार्सल ऑफिसात गेली. चाळीस वर्षं फटी बुजवल्या, लाख लावली, सही ठोकली. निवृत्तीनंतर ऑफिस सुटलं, सवय सुटली नाही. घरात साखरेचा डबासुद्धा सहीशिवाय बंद होत नसे. महिन्यापूर्वी शिवणाच्या खोलीतल्या दिव्याच्या गोल काचेत एक किडा मरून पडला. काकांनी त्या काचेचा असा बंदोबस्त केला, की परत किड्याची शिरायची टाप नव्हती.

तेव्हापासून त्या काचेतले तीन एलईडी बल्ब एकामागून एक गेले; दर वेळी काकांनी नवा बसवून पुन्हा तसाच बंदोबस्त केला. खोली बिनखिडकीची, आणि काकूंच्या मशीनवर वकीलबाईंचा काळा कोट. काळ्या कापडावर काळा दोरा! तो कोट घालून बाई उद्या सकाळी कोर्टात उभ्या राहणार होत्या.

दुपारी तीनला चौथा बल्ब लुकलुकला आणि गेला.

"अहो! बाही उलटी बसली माझी!" काकू ओरडल्या. "आता मी भावालाच फोन करते."

"खबरदार! दोष त्या लबाड दुकानदाराचा आहे. बल्ब काढू नकोस. पुराव्याला हात लावायचा नाही!"

दुकानात शिरताच काकांनी काउंटरवर मूठ आपटली. "चौथा बल्ब! खोक्यावर वर्षाची हमी छापता आणि माल आठवडाभर टिकत नाही? लाज कशी वाटत नाही?"

"काका, दिव्याला हवा लागते ना?"

"हवा? बल्बला काय दमा झालाय?"

गिऱ्हाइकं हसली. त्यामुळे काका आणखीच भडकले आणि दुकानदाराचं मनगट धरून त्याला तरातरा घरी घेऊन आले.

बघतात तर काय, मेहुणा स्टुलावर चढलेला! काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"याला आत कोणी घेतलं?"

"मी," काकू कडाडल्या. "मला कोट द्यायचाय, तुमची मिशी नाही!"

मेहुण्याने काचेला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. "दाजी, विझून इतका वेळ झाला तरी ही तापलेलीच! हिच्यावर कोटाला इस्त्री होईल!" त्याने बॅटरी मारली. "बल्बच्या मानेभोवती कापूस कोंबलाय. फटीत पुट्टी. वरून लाख, तीही मऊ झालीय."

दुकानदाराने कपाळाला हात लावला. "काका, एलईडीचं सर्किट त्या मानेतच असतं. त्याचा ताप तिथूनच बाहेर पडतो. वारा मिळाला नाही तर ते आतल्या आत शिजतं. तुम्ही बल्ब लावला नाहीत, पार्सल केलात!"

"गप्प बसा! चाळीस वर्षांत माझं एक पार्सल फुटलं नाही!"

"हेही फुटलं नाही. शिजलं."

मेहुण्याने स्क्रू-ड्रायव्हर उचलला, पण तिथेच थांबला आणि काचेच्या काठावर चिकटवलेली चिठ्ठी मोठ्याने वाचू लागला. "'सीलबंद. उघडल्यास जबाबदारी उघडणाऱ्याची.' खाली सही. तारीख." तो शांतपणे खाली उतरला. "मी नाही बुवा हात लावणार. दाजींची सही आहे."

मग काकाच चढले. मेहुण्यावर चिडून, दुकानदारावर चिडून, त्या मेलेल्या किड्यावर चिडून त्यांनी लाख खरवडली. कापूस निघाला तसा राग कोणावर काढायचा तेच त्यांना कळेना. शेवटी उरले ते स्वतःच, आणि स्वतःवर ओरडायची त्यांना सवय नव्हती.

दुकानदाराने नवा बल्ब दिला. तो काचेशिवाय, उघडाच लावला. खोली लख्ख उजळली. काकूंनी उलटी बाही उसवली, पुन्हा जोडली, पुन्हा तपासली. काका दारात उभे राहून बल्बकडे डोळे वटारून बघत होते. निदान आता तरी हा विझावा, म्हणजे दोष दुकानदाराचाच ठरेल! पण तो मेला विझेना.

संध्याकाळी काकूंनी शेवटचं बटण लावलं, दोरा कापला आणि कोट झटकून टांगला. मग हातातली कात्री त्यांनी काकांपुढे धरली.

"माझं काम झालं. आता तुमचं."