हसबनीसांच्या घरातून जमा झालेले शब्द

संगणकाचा पासवर्ड म्हणून एकदा दिलेला शब्द त्या घरात पुन्हा उच्चारता येत नाही. कराडच्या कृष्णाकाठ सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या हेमलताबाई हसबनीसांना हा नियम समजला तेव्हा त्या फडताळातून बरणी काढत होत्या, आणि नवऱ्याला गुळांबा वाढू का असं विचारायला त्यांनी तोंड उघडलं होतं. तोंड उघडलं, पण शब्द काही आला नाही. त्यांनी आवंढा गिळून पुन्हा प्रयत्न केला. मग बरणीच नवऱ्याच्या पानासमोर नेऊन धरली.

"हां, वाढ," हसबनीस म्हणाले. "तो शब्द मी सकाळी देऊन टाकला."

हसबनीस पाटबंधारे खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त झाले होते आणि गेली सहा वर्षं आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत तयार करत होते. अकरा पिढ्या आणि चार हजारांवर नावं. कोण कुठे जन्मला, कुणाच्या घरी दत्तक गेला, कुणाची बायको कुठल्या गावची, हे सगळं त्यांनी पुढच्या खोलीतल्या संगणकात घातलं होतं. मुखपृष्ठासाठी वळणदार अक्षर हवं म्हणून त्यांनी कुठूनसा एक फॉन्ट उतरवून घेतला. फुकट ते पौष्टिक, असं म्हणतात खरं; पण त्या फॉन्टबरोबर एक हेर घरात आला. महिनाभर तो संगणकात बसून घरातलं बोलणं ऐकत होता आणि ऐकलेलं सगळं वेळेसह टिपून ठेवत होता.

गृहसंगणक संरक्षण कार्यालयातून तांबोळी नावाचे निरीक्षक आले. पन्नाशीचे, पायऱ्या चढून दमलेले, खांद्याला फायलींची पिशवी. त्यांनी हेराला एका चपट्या डब्यात घातलं, त्याच्या नोंदींचं बाड ताब्यात घेतलं आणि पंख्याखाली बसून पाणी मागितलं.

"एक गेला म्हणजे दुसरा येणार नाही असं नाही," ते म्हणाले. "आणि आला की तो ऐकणारच. त्याचं कामच ते. म्हणून पासवर्डचा शब्द घरात ऐकूच आला नाही पाहिजे बघा."

पद्धत सरळ होती. दर महिन्याच्या पाच तारखेला तांबोळी येत. घरमालकाने एक शब्द निवडायचा, तो तपकिरी पाकिटाच्या तोंडाशी तोंड नेऊन एकदा उच्चारायचा. तांबोळी पाकीट लाखेने बंद करत आणि पोच देत. शब्द सात वर्षांसाठी जमा. त्याची अनेकवचनं, विभक्तीची रूपं, लाडाची रूपं, सगळी त्याच पाकिटात.

"आणि मधेच लागला तर?" हेमलताबाईंनी विचारलं.

"उंबऱ्याबाहेर चालतो की, काकू. जिना सोसायटीचा. आमची हद्द उंबऱ्यापर्यंत."

दुसऱ्या महिन्यात सतरंजी गेली. तिसऱ्यात कोथिंबीर, कारण हसबनीस त्या वेळी भाजीच्या पिशवीकडे बघत होते. त्यांना सुचे तेच ते देत. हेमलताबाईंनी एकदा "हिमवृष्टी" सुचवून पाहिलं. तांबोळींनी हेराचं बाड उघडून पानं चाळली आणि मान हलवली.

"नामंजूर. हा शब्द या घरात एकदाही बोललेला नाही. बोलण्यात नसलेला शब्द माणूस विसरतो, काकू, आणि मग आम्हाला फोन करतो. वापरातला शब्दच द्यावा लागतो."

त्यामुळे वापरातले शब्द जात राहिले. भाजीवाला खालून ओरडला की हेमलताबाई चपला घालून जिन्यात जायच्या, कठड्यावरून वाकून "कोथिंबीर!" म्हणायच्या आणि परत यायच्या. पाहुणे आले की खाली काय अंथरायचं हे नवऱ्याला हातवाऱ्यांनी सांगायच्या. पाचव्या महिन्यात हसबनीसांनी "गुडघा" दिला, कारण तो त्यांच्या कानावर सारखा पडत होता.

"दुखतात हो," हेमलताबाई संध्याकाळी म्हणाल्या.

"काय?"

उठून जिन्यात जाऊन सांगण्याइतकं त्राण हेमलताबाईंत नव्हतं, आणि जिन्यात जायचं म्हटलं तरी दुखत तेच होतं.

हसबनीसांना याचा फारसा जाच नव्हता. ते मुळात कमी बोलत, आणि बोलत ते मेलेल्या माणसांविषयी. घर चालवायचं ते हेमलताबाईंनी आणि शब्द लागायचे तेही त्यांनाच. बंगळूरची मुलगी केतकी फोनवर म्हणायची, "आई, तू अशी अडखळत का बोलतेस? बरी आहेस ना?" त्या म्हणायच्या, "बरी आहे गं, दमलेय फक्त." दमण्यासाठीचे शब्द अजून घरात होते, ही त्यातल्या त्यात सोय.

एक शब्द मात्र होता जो त्या कुणालाच ऐकवत नसत. माहेरी, फलटणला, त्यांचं नाव कुमुदिनी होतं. लग्नात ताटातल्या तांदळांवर हसबनीसांनी अंगठीने "हेमलता" लिहिलं आणि त्या दिवसापासून त्या हेमलता झाल्या. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. तेव्हा सगळ्यांचंच तसं होतं. आई गेली, मग दादा गेला, आणि कुमुदिनीला ओळखणारं कुणी राहिलं नाही. पण रोज पहाटे पावणेसहाला, ओट्यापाशी उभं राहून, त्या हळूच म्हणायच्या, "चल कुमे, आधण ठेव." तेवढं म्हटलं की हात चालू लागायचे. अडतीस वर्षं हे चाललं होतं. या घरात त्यांच्या मालकीची अशी वस्तू फारशी नव्हती, ही होती.

आठव्या महिन्यात त्यांनी नवऱ्याला बजावलं. "अहो, या खेपेला माझ्या कामाचा शब्द देऊ नका. मी पार कावलेय. कुणीच म्हणत नाही असा शोधा."

हसबनीस मनाने वाईट नव्हते. त्यांनी खरोखरच शोधला. चार तारखेला दिवसभर ते कुलवृत्तांत चाळत बसले आणि संध्याकाळी, स्वतःच्याच नोंदीत, त्यांना हवा तसा शब्द सापडला. पत्नी हेमलता, पूर्वाश्रमीची अमुक अमुक. हे नाव घरात कोण घेतं? कुणीच नाही. त्यांना बायकोचं काम हलकं केल्याचं समाधान वाटलं.

पाच तारखेला हेमलताबाई दळण घेऊन गिरणीत गेल्या होत्या. हसबनीसांनी पडद्यावर बघून शब्द पाकिटात उच्चारला. तांबोळींनी बाड चाळलं.

"मंजूर. वापरात आहे. रोज, पहाटे पावणेसहा, स्वयंपाकघर."

"असेल रेडिओवर," हसबनीस म्हणाले, आणि त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी पहाटे हेमलताबाई ओट्यापाशी उभ्या राहिल्या. "चल," त्या म्हणाल्या. पुढे काही आलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं, "चल." मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी आधण ठेवलं नाही. चपला घातल्या, दाराची कडी काढली, जिन्यात गेल्या आणि बंद मीटरच्या खोक्याकडे तोंड करून म्हणाल्या, "कुमे." नाव शाबूत होतं. पण जिन्यात कुणी आधण ठेवत नाही. त्यांना रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला.

हसबनीस उठले तेव्हा चहा झालेला नव्हता. अडतीस वर्षांत असं झालं नव्हतं.

"माझं नाव दिलंत तुम्ही."

"अगं, तुझं नाव हेमलता आहे."

"ते तुम्ही ठेवलेलं. माझं दिलंत."

"पण ते इथे म्हणतं कोण?"

"मी म्हणते."

हसबनीस चष्मा पुसू लागले. त्यांनी खात्यात तीस वर्षं नकाशे काढले होते. एखादी विहीर राहून गेली असं धरणात पाणी भरल्यावर कळावं, तसं त्यांचं झालं. त्यांनी तांबोळींना फोन लावला. तांबोळी म्हणाले, मुदतीआधी शब्द बदलता येतो, हरकत नाही, पाकीट फोडून शब्द घरी पाठवू. फक्त मालकाने आधी जुना पासवर्ड घालून संगणक उघडून दाखवायला हवा. दोन चुका चालतील. तिसऱ्या चुकीनंतर संगणक सात वर्षं बंद, आणि आतलं सगळं आतच.

"आत्ता बदलतो," हसबनीस बायकोला म्हणाले. ते खुर्चीवर बसले, त्यांनी हात कळफलकावर ठेवले, आणि ते तसेच बसून राहिले.

त्यांना नाव आठवेना.

काल त्यांनी ते बघून उच्चारलं होतं. त्याआधी अडतीस वर्षं उच्चारलं नव्हतं. लिहून ठेवायला नियमाची बंदी होती. त्यांनी "मालती" घातलं. चूक. जरा थांबून "सरोजिनी" घातलं. तेही चूक. मग त्यांनी हात मागे घेतले.

पेन्शनची कागदपत्रं, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, सगळीकडे हेमलता. लग्नपत्रिका हेमलताबाईंच्या दादांकडे असायची. दादा राहिले नव्हते. कुलवृत्तांतासाठी जमवलेले हाती भरलेले फॉर्म त्यांनी नोंदी झाल्यावर रद्दीत घातले होते. हेराचं बाड तांबोळींकडे होतं, पण त्यातलं काही सांगायची त्यांना बंदी होती. घरात नाव लिहिलेली एकच जागा उरली होती, आणि ती त्या नावानेच बंद होती. इस्लामपूरच्या बहिणीला त्यांनी फोन केला. तिला नवरीचा शालू आठवत होता, पाऊस आला होता हे आठवत होतं, जिलब्या कमी पडल्या हेही आठवत होतं.

शेवटी ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. "चल ना जिन्यात. तिथे सांगता येईल तुला. एकदा सांग, मी लगेच उघडतो, तुझं तुला परत मिळेल."

हेमलताबाईंनी चपला घातल्या. दोघं जिन्यात आले. त्या तिसऱ्या पायरीवर बसल्या, हसबनीस कठड्याला धरून उभे. एक शब्द सांगितला असता तर सगळं सुटत होतं; नाव घरात आलं असतं, उद्यापासून आधण वेळेवर चढलं असतं. हे त्यांना कळत होतं. तरी त्यांच्याने सांगवेना. आपलं नाव आपणच नवऱ्याला सांगायचं, पत्ता चुकलेल्या माणसाला सांगावं तसं, याची त्यांना फार शरम वाटली.

"आठवा," त्या म्हणाल्या.

"अगं, चार हजार नावं अडकली आहेत आत."

"चार हजार कुठे सांगायची आहेत तुम्हाला? एकच आठवा."

पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला तांबोळी आले, त्यांनी संगणक तपासला आणि पंख्याखाली बसून अहवाल लिहिला. ज्या घरच्या संगणकात खुद्द मालकालाही शिरता येत नाही, ते पूर्ण सुरक्षित. तालुक्यातलं असं हे पहिलंच घर. त्यांनी तसं प्रमाणपत्र दिलं. नवा शब्द घ्यायचं कारण उरलं नव्हतं, म्हणून पाकीट काढलं नाही.

"बरं झालं बघा, काकू," ते जाताना म्हणाले. "आता दर महिन्याची कटकट नाही."

हसबनीसांनी मग आपल्या स्वभावाप्रमाणे काम हाती घेतलं. जिन्यात म्हटलेल्या नावांची चूक धरली जात नव्हती, तेव्हा घाई नव्हती. रोज संध्याकाळी चहा झाला की दोघं बाहेर येत. गार लागतं म्हणून हसबनीस सतरंजी आणून पायरीवर अंथरत, आणि अंथरताना "सतरंजी" असं म्हणून घेत. घरात म्हणता येत नसे. मग ते वर्णानुक्रमे सुरुवात करत. अकरा पिढ्यांतल्या सगळ्या बायका त्यांना तोंडपाठ होत्या, एक सोडून.

"अंबिका?"

"नाही."

"अनसूया?"

"नाही."

पहिल्या आठवड्यात अ संपला. वरच्या मजल्यावरच्या शेट्येवहिनी पिशवी घेऊन चढताना पाय आखडून घ्यायला सांगत आणि पुढे जात. आ, इ, उ गेले. कधी हेमलताबाई "नाही" म्हणायच्या, कधी नुसती मान हलवायच्या. एखादं नाव आलं की हसबनीस थांबून त्या बाईची हकिकत सांगायचे, विधवा झाल्यावर दळणकांडण करून दीर वाढवला हिने, हिला सात मुलगे आणि सगळे पटकीत गेले. आणि हेमलताबाई ऐकून घ्यायच्या. इतकं ते गेल्या दहा वर्षांत मिळून बोलले नव्हते. पहाटे मात्र त्या एकट्याच जिन्यात येत, मीटरच्या खोक्याकडे तोंड करून एक शब्द म्हणत, आणि आत जाऊन मुकाट्याने आधण ठेवत.

दिवाळीच्या सुमारास क लागला. कमळा झाली, कलावती झाली. कावेरीशी ते जरा अडखळले, कारण कावेरी दोन होत्या.

त्या दिवशी हेमलताबाईंचं अंग ठणकत होतं. त्यांनी डोकं भिंतीला टेकवलं होतं आणि डोळे मिटले होते. हसबनीस बोटावर मोजत पुढे जात होते.

"किशोरी?"

"नाही."

"कुंदा?"

"नाही."

"कुमुदिनी?"

हेमलताबाईंनी डोळे उघडले नाहीत. खाली कुणीतरी स्कूटर लावत होतं. हसबनीसांनी त्या बोटावर बोट तसंच ठेवलं होतं आणि ते वाट बघत होते.

"नाही," त्या म्हणाल्या. "पण परत एकदा म्हणा."