गजभिये काकांच्या समुद्रातला खेकडा

मे महिन्यात आमची सगळी सक्करदरा वस्ती कूलरसमोर अंग टाकून पडलेली असते, तेव्हा आमचे शेजारी गजभिये काका डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन ओसरीत बसलेले असतात. घरात एसी नाही असं नाही. आहे, चांगला दीड टनाचा आहे. पण तो हॉलमध्ये, माशांसाठी. काका तिथे कामापुरतेच जातात. माणसाच्या अंगाची गरमी पाण्याला लागते, असं त्यांचं ठाम मत. "आपल्याले घाम तरी येते गा," ते म्हणतात, "मासोळीनं कोणाले सांगावं?"

त्या हॉलमध्ये काकांनी समुद्र केला आहे. काचेची चार फुटी टाकी, ड्रममध्ये स्वतः मीठ मोजून कालवलेलं पाणी, जिवंत प्रवाळ आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली माशांची एक जोडी. काका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होते. मी त्यांनी आणून दिलेले बेडूक फाडून बी.एस्सी. झालो आणि पुढे बँकेत चिकटलो. "पाहायचं, हात नाही लावायचा," हे त्यांचं प्रयोगशाळेतलं वाक्य अजून चालू आहे. भाजीबाजारात टोमॅटो दाबून पाहणाऱ्या बायकांनाही ते हेच सुनावतात आणि मग त्यांचं ऐकून घेतात.

यंदा उन्हाळ्यात त्यांनी प्रवाळाचा नवा दगड मागवला. त्याच्या छिद्रात बसून एक खेकडाही आला. आधी तो दिसलाच नाही. फक्त सकाळी गोगलगाईंचे रिकामे शंख सापडायचे आणि प्रवाळाची कोवळी टोकं कुरतडलेली असायची. मग एके दिवशी काकांना एक काळी नांगी दिसली. नेमकी त्याच आठवड्यात मादीने त्याच दगडाच्या पाठीवर अंडी घातली.

काकांचं जेवणावरचं लक्ष उडालं. "बाप बिचारा परानं वारा घालून राहिला गा अंड्यायले," ते मला सांगत, "आन् हा तिथून चार बोटांवर टपून बसला."

"छिद्रात सुई खुपसा ना काका. एका मिनिटाचं काम."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा न घेताच घरी आलो.

त्यांना तो जिवंत बाहेर हवा होता. म्हणून त्यांनी दगडाला टेकवून एक काचेचा पेला तिरपा लावला. आत कोळंबी ठेवायची, खेकडा आत उतरतो आणि निसरड्या काचेवरून त्याला वर चढता येत नाही. कोळंबी आणायचं माझ्याकडे होतं. बायकोने सवयीने तिला हळद-तिखट चोळून दिलं.

"खेकड्याले सावजी खाऊ घालतं काय बे?" काका भडकले. दुसरी आणावी लागली.

शनिवारी दुपारी दोन वाजता लाइन गेली. एसी बंद, टाकीतले दिवे बंद, पडदे ओढलेले. हवेचा छोटा पंप तेवढा बॅटरीवर बुडबुडे सोडत होता. पाण्यातला थर्मामीटर सत्तावीसवरून अठ्ठावीसवर आला. काका बर्फाच्या बाटल्या पाण्यात सोडत होते, मी स्वयंपाकघरातली सांडशी घेऊन उभा होतो. अंधार झाला तसा खेकडा बाहेर निघाला. पेल्याशी आला. नांगीने काच चाचपली. आम्ही दोघांनी श्वास धरला. मग पेल्याला वळसा घालून तो सरळ अंड्यांकडे निघाला.

नर त्याच्यावर धावून गेला. बोटाएवढा जीव, पण नांगीवर धडका मारत होता. दुसऱ्या धडकेला त्याच्या शेपटीची कड फाटली.

"काका, चिरडतो याला!" मी सांडशी पाण्यात घातली.

"थांब!" काकांनी बाहीसकट हात पाण्यात घातला आणि अंड्यांसमोर तळवा आडवा धरला.

खेकड्याने त्यांची करंगळी पकडली. काकांनी हात तसाच वर उचलला. बोटाला खेकडा लोंबकळतोय, मनगटावरून रक्त ओघळतंय, आणि हा माणूस मला शांतपणे सांगतोय, "ते सांडशी ठेव. खाऱ्या पाण्याची बादली आण."

बादलीत हात बुडवून ते फरशीवर बसले. खेकडा सोडायला तयार नव्हता.

"झटका द्या ना काका!"

"काहून? नांगी तुटंन त्याची. सोडंन तो आपल्या मनानं."

मला त्यांचा राग आला होता आणि भीतीही वाटत होती. काका बादलीत पाहत राहिले.

"बत्तीस वर्षं कॉलेजातल्या बेडकायले मीच धरत होतो गा," ते म्हणाले. "सकाळी पोट्टे यायच्या आधी बरणीत क्लोरोफॉर्म टाकायचा. मी जरा जास्तच टाकत होतो. सर बोंबलत, माल संपते म्हणून. पण फाडता फाडता मधातच जाग आली तर?"

मी त्यांच्या शेजारी फरशीवर बसलो.

"तुमचं फाडणं सुरू झालं का मी बाहेर जाऊन उभा राहत होतो. मंग कोणाले विचारायची हिंमतच नाही झाली." त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "तुमच्या बॅचमध्ये एखादा जागा झाला होता काय गा?"

"नाही काका. एकही नाही."

खरंच झाला नव्हता.

लाइन आली. एसी सुरू झाला. टाकीत नर फाटक्या शेपटीने पुन्हा अंड्यांना वारा घालायला लागला. खेकड्याने बोट सोडलं आणि तो बादलीच्या कडेला जाऊन बसला. काका मात्र उठले नाहीत.

"आणखी एकदा सांग ना गा," ते म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं.