अण्णांचं चेकिंग

मांजरी गावातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये भर गॅलरीत उभं राहून बाईमाणसाला लघवीचा रंग विचारणारा एकच माणूस आहे. शेजारचे शितोळे अण्णा.

"आक्का, आज कसा हाय?"

"लालसर."

"मग गोळी पोटात गेलीया."

मला टीबी झाला होता. त्या गोळ्यांनी लघवीला लाल रंग येतो. हे कळल्यापासून अण्णांना दुसरा विषय उरला नाही.

दवाखान्यातल्या सिस्टरने बिल्डिंगमध्ये विचारलं होतं, "या एकट्या राहतात. गोळ्या घेतात की नाही, कोण बघेल?" सगळे आपापल्या चपलांकडे बघत राहिले. अण्णांनी हात वर केला.

अण्णा एका कारखान्याच्या गेटवर चेकिंगला होते. सुटताना कामगारांचे डबे उघडून बघायचे. रिटायर झाले, पण अजून सून भाजी घेऊन आली की पिशवीत डोकावतात. माझ्या दारात रोज सकाळी स्टूल टाकून बसायचे. मी गोळ्या गिळल्या की म्हणायचे, "आ करा." जिभेखाली मोबाईलची बॅटरी मारायचे. एकदा कवळी काढायला लावली.

"कवळीच्या मागं लई जागा असती, आक्का."

मग चहा. माझ्याच कपात, गॅलरीत बसून, फुरके मारत. वर रोज एकच शेरा, "पांचट हाय." समोरच्या वहिनी माझ्या दारावरून पदर नाकाला लावून जायच्या. अण्णा त्यांना थांबवायचे. "वहिनी, आक्कांचा चहा लई पांचट. पिऊन बघा की." वहिनी कधी प्यायल्या नाहीत.

दोन महिन्यांत खोकला गेला, ताप गेला. गोळ्यांनी मळमळायचं. मी म्हटलं, "आता बास. बऱ्या माणसाने औषध कशाला खायचं?"

"आक्का, शिफ्ट सुटली म्हणून गेट सोडलं, तर आत लपलेला चोर माल घेऊन जातो. जंतू तसंच लपून बसत्यात. अर्ध्यात सोडलं तर शहाणं होत्यात. मग ही गोळी त्यांना लागू पडत न्हाय. जिवावर बेततं."

"तुम्ही डॉक्टर का?"

"न्हाय. चेकिंगवाला. आ करा."

मी तोंड मिटून बसले. ते उठेनात. दूधवाला येऊन गेला. ऊन पायावर आलं. शेवटी मलाच कंटाळा आला. गिळल्या.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी तपासून गोळ्या बंद केल्या. पेढे द्यायला अण्णांकडे गेले. सुनेने दार उघडलं. मी म्हटलं, "सासऱ्यांना आता घट्ट चहा पाज बाई. इतके दिवस माझा पांचट पीत होते."

"अण्णा? आजी, ते चहा पीतच नाहीत. छातीत जळजळतं त्यांच्या. त्यांना ताक लागतं."

मी पेढे देऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी गोळी नव्हती. तरी अण्णा आले, स्टूल टाकून बसले. मी चहा टाकला नाही. ताकाचा पेला पुढे केला. त्यांनी पेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. समोरून वहिनी जात होत्या.

अण्णांनी मोठा घोट घेतला.

"पांचट हाय," म्हणाले.