खारूनच्या अलीकडे

आमचे दिगंबरमामा खारून नदीचा पूल ओलांडत नाहीत. नागपूरला निघालेल्या गाडीत हौसेनं बसतात, सगळ्यांना चिवडा वाटतात आणि रायपूरची हद्द संपते त्या पुलाअलीकडे "थांबव रे, मले उतरव" म्हणत चपला शोधायला लागतात. तिथून बसनं पुरानी बस्तीतल्या घरी परत.

मामा माझ्या आईचे थोरले भाऊ. सगळी हयात सरकारी कचेरीत कारकुनी करण्यात गेली. "कायदा म्हंजे कायदा" हे त्यांचं ब्रीद. पानात मीठ कुठे वाढावं यावरही कायदा काढायचे. निवृत्त झाल्यावर मात्र ते शेजारच्या कमलादीदींसाठी कायद्याशीच भांडायला निघाले. दीदी पाकिस्तानातलं सिंध सोडून आलेल्या. इतकी वर्षं इथे राहूनही व्हिसावरच आहेत, आणि परवानगीशिवाय त्यांना शहराबाहेर पाऊल टाकता येत नाही. अशी बरीच कुटुंबं मामांनी गोळा केली. दर सोमवारी ही मंडळी कलेक्टर कचेरीसमोर उभी राहतात.

बरं, भांडावं तर भांडल्यासारखं! पण टेबलामागे जन्म काढलेला माणूस. घोषणासुद्धा अर्जासारखी: "यह शर्त हटाइए, कृपया हटाइए!" कुणी मूठ वळली की मामा ओरडतात, "हात जोडा, हात! साहेबाले भेव वाटते." बंदोबस्ताचे शिपाई हसतात आणि मामांच्या डब्यातले पोहे खातात. सदर बाजारातून ही वरात जाताना ओळखीचं कुणी दिसलं की आईला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मलाही.

माझं लग्न नागपूरला ठरलं तेव्हा गंमत संपली. नवरीला बोहल्यावर मामानं आणायचं, आणि मामा म्हणाले, "मी पुलापलीकडं येत नाही." आई रडली. मी तणतणत त्यांच्या घरी गेले.

"काहून, मामा? माह्या लग्नालेही नाही?"

मामा सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

"कमलाबाईची माय नागपुरात शेवटच्या घटका मोजून राहिली होती. ह्या म्हणे, भैया, चुपचाप निकल जाऊँ? मीच अडवलं. म्हटलं, कायदा म्हंजे कायदा, परवानगी येऊ द्या. आली तवा तिकडे बाराव्याची भांडी घासून राहिले होते."

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"बाई एका शब्दानं बोलली नाही मले. रोज चहा आणून देते. तो चहा गळ्याखाली उतरत नाही वं पोरी, शरम वाटते. तवापासून तिच्या तोंडाकडे पाहणं होत नाही. मी कोणत्या तोंडानं पूल ओलांडू?"

मग आम्ही लग्नच रायपूरला आणलं. सासरची मंडळी कुरकुरली, पण आली.

मुहूर्ताला मामा मला धरून बोहल्याकडे निघाले. पहिल्याच रांगेत दीदी उभ्या होत्या. मामा जवळ आले तशा हळूच म्हणाल्या, "भैया, आज तो इधर देख लो."

"हव," मामा म्हणाले. माझा दंड त्यांनी घट्ट धरला, आणि शेवटचं "सावधान" होईपर्यंत माझ्या हिरव्या चुड्याकडेच बघत राहिले.